धाकू जावयाचं पक्कं लायसन

एका गावात एक भोळा जावई राहायला आला. भोळा हा शब्द सासरच्यांचा. जावयाला मूर्ख म्हणायची आपल्यात रीत नाही, म्हणून त्यांनी तो वापरला. मला तसली काही अडचण नाही. धाकू मूर्ख होता.

तो मूळचा पल्याडवाडीचा. धरणाच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत दहा घरं, तिला वाडी म्हणायचं. तिथं रस्ता नाही, एसटी नाही, सायकलसुद्धा नाही. जायचं तर होडीनं, यायचं तर होडीनं. धाकू होडी वल्हवायचा. दंड कसे, तर उखळातल्या मुसळासारखे. वरचा मजला मात्र रिकामा. लग्न झालं आणि तो पिंपळडोहाला सासरी राहायला आला, घरजावई म्हणून.

सासरे कोंडिबामामा. त्यांचा एक निळा टेम्पो होता, कपाळावर ‘भवानी प्रसन्न’ लिहिलेला. वीस वर्षं मामांनी त्यावर दूध संस्थेचं दूध वाहिलं. मग डोळ्यांत पडदा आला आणि टेम्पो दारात उभा राहिला. संस्थेचे चेअरमन जगदाळे येऊन सांगून गेले, “कोंडिबा, दसऱ्यापर्यंत थांबतो. दसऱ्याला सकाळी लायसनवाला ड्रायव्हर आणि गाडी, दोन्ही दारात दाखव. नाहीतर दूध दुसऱ्याला देतो.”

मामांनी जावयाकडे बघितलं. दुसरं बघायला होतंच कोण?

“जावईबापू,” मामा म्हणाले, “आपण लायसन काढावं.”

धाकूची छाती फुगली. त्याला एकच हौस होती. मामांनी चारचौघांत ‘हे आमचे जावई’ असं म्हणावं. आतापर्यंत कुणी विचारलं की मामा ‘आहेत एक पाहुणे’ म्हणायचे.

आणि नवल म्हणजे गाडी त्याला आठ दिवसांत आली. होडी वल्हवणाऱ्याचा हात, कुठं धक्का नाही, कुठं हिसका नाही. मामा माळावर शेजारी बसायचे. मामांकडे लायसन होतं, नजर नव्हती. धाकूकडे नजर होती, लायसन नव्हतं. दोघं मिळून एक ड्रायव्हर होत होता. पण सरकार दोघांना मिळून एक लायसन देत नाही.

धाकू तालुक्याला लायसनच्या ऑफिसात गेला. खिडकीत कारकून बसला होता.

“नाव?”

“धाकू.”

“राहणार?”

“पिंपळडोह. नवीनच आलोय.”

“नवीन? मग तिथं राहतोस हे कशावरून? राहत्या घराचा पुरावा आण.”

धाकू घरी आला. घराला प्रदक्षिणा घातली. भिंत निघण्यासारखी नव्हती, चूल नेली तर मामी जेवू घालणार नाहीत. दाराची फळी मात्र बिजागरीतून अलगद निघाली. वर ग्रामपंचायतीनं रंगानं लिहिलं होतं, ‘घर नं. ११२’. याहून चांगला पुरावा कुठला? एसटीच्या टपावर फळी टाकून धाकू तालुक्याला गेला. तोवर गल्लीतली दोन कुत्री मामींच्या स्वयंपाकघरात जेवून आणि झोपून गेली.

कारकुनानं खिडकीतून फळी बघितली.

“हे काय आणलंस?”

“राहतं घर. एकशे बारा. सगळं आणलं नाही, पुराव्यापुरतं आणलं.”

कारकुनानं कपाळावर हात मारला. “अरे शहाण्या, सरकारला वस्तू लागत नाही, कागद लागतो! वस्तू घरी ठेवायची आणि कागद इथं आणायचा. ध्यानात ठेव.”

“ठेवतो,” धाकू म्हणाला. आणि ठेवलं. हीच तर त्याची खोड. मूर्ख माणूस विसरभोळा असेल तर निम्मं संकट टळतं. धाकू काही विसरायचा नाही.

घरपट्टीची पावती नेली, रेशनकार्डावर नाव चढलं, कच्चं लायसन मिळालं. मामांनी लाल रंगाचा एल आणून दिला. “शिकतोय तोवर हा लावावा लागतो,” म्हणाले. धाकूनं तो स्वतःच्या पाठीवर चिकटवला. शिकत होता तो. टेम्पो थोडाच शिकत होता? महिनाभर तो एल लावून गावात फिरला. गाव बाजूला होऊन वाट द्यायचं, आणि माझ्या मते त्यात गावाचं काही चुकत नव्हतं.

महिन्यानं पक्क्या लायसनची परीक्षा आली. घ्यायला इन्स्पेक्टरसाहेब. अंगानं काटकुळे, पण आवाज कर्ण्यासारखा. मैदानावर रांगेत गाड्या उभ्या. धाकू एसटीनं आला, हात हलवत.

“गाडी कुठाय?” साहेबांनी विचारलं.

धाकूनं खिशातून टेम्पोचं आरसी बुक काढलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. “ही काय.”

“अरे, गाडी! गाडी!”

“वस्तू घरी ठेवलीय साहेब. कागद आणलाय. मला माहितीय तुमचं.”

साहेबांचं डोकं फिरलं. “असं होय? मग बस हिच्यावर आणि दाखव चालवून!”

धाकूला जरा अवघड वाटलं. पण साहेबांचा हुकूम. त्यानं आरसी बुक जमिनीवर ठेवलं, त्यावर मांडी घातली, हात पुढे धरले आणि तोंडानं ‘घुर्रर्र’ केलं. वळताना उजवा हात बाहेर काढून इशारासुद्धा दिला. रांगेतली माणसं पोट धरून हसली. साहेबांनी नापासाचा शिक्का असा मारला की टेबलाचा पाय हलला.

घरी मामांनी ऐकून घेतलं. ‘जावईबापू’ त्या दिवशी संपलं.

“अहो धाकू,” मामा म्हणाले, “तिथं गाडी न्यायची असते! कागदावर बसून आणि तोंडानं घुर्र करून लायसन मिळतं का? साहेब जे विचारील ते खरंखुरं करून दाखवायचं. नुसतं तोंड चालवायचं नाही. कळलं?”

“कळलं मामा. खरंखुरं करून दाखवायचं.”

धाकूची बायको द्वारका भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. “आबा,” ती म्हणाली, “यांना काही सांगताना जरा जपून सांगत जा.” पण घरात शहाणं बोलणाऱ्या बाईचं ऐकतो कोण?

श्रावणात पुन्हा तारीख मिळाली. या खेपेला धाकू टेम्पो घेऊन गेला. शेजारी मामा बसले होते. मैदानावर टेम्पो असा अलगद उभा केला, की साहेबसुद्धा ‘हं’ म्हणाले. मामांना हायसं वाटलं. ते चहा प्यायला टपरीवर गेले आणि तिथंच घात झाला.

साहेबांनी वही काढली. “आधी दोन प्रश्न विचारतो. समज, रस्त्यात अपघात झालाय. एक माणूस पडलाय. तू काय करशील?”

धाकूनं इकडंतिकडं बघितलं. माणूस एकच होता. त्यानं साहेबांना उचललं.

“अरे, अरे! काय करतोस?”

“खरंखुरं करून दाखवतोय.”

“मला काही झालेलं नाही!”

“लागलेली माणसं असंच म्हणतात,” धाकू म्हणाला. त्यानं साहेबांना टेम्पोच्या हौद्यात आडवं केलं आणि हॉर्न वाजवत सरकारी दवाखाना गाठला. काय चालवली म्हणता गाडी! एक खड्डा लागला नाही, एक वळण चुकलं नाही. त्या दिवशी परीक्षक भानावर असता तर तिथल्या तिथं पास केला असता. पण साहेब कर्ण्यासारखे ओरडत होते. डॉक्टरना वाटलं, मार डोक्याला लागलाय. दोघांनी धरलं आणि तिसऱ्यानं सुई टोचली. साहेब झोपले. धाकूनं माणुसकीचं काम केलं म्हणून डॉक्टरांनी पाठ थोपटली, आणि धाकू समाधानानं सरळ घरी आला.

मामा शेवटच्या एसटीनं आले. लाल झाले होते.

“अहो” संपलं होतं. “अरे धाकू! साहेबाला उचललास ते उचललास, दवाखान्यात टाकून आलास? मला टपरीवर सोडून आलास? उचललेली वस्तू परत आणून जागच्या जागी ठेवावी, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं! तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय?”

मामांचा आवाज बोलता बोलता बसला. भिंतीला पाठ लावून ते खाली टेकले. वीस वर्षांचं दूध डोळ्यांदेखत जायला लागलं होतं आणि डोळे तर आधीच गेले होते. धाकूला ते बघवलं नाही. त्यानं मनाशी घोकलं, ‘उचललेलं परत आणून जागच्या जागी.’

मग गणपती आले. मामांच्या घरी दीड दिवसाचा. मामींनी आरती केली, दहीभाताची शिदोरी गणपतीच्या हातात ठेवली, पाटावरची मूर्ती धाकूच्या हाती दिली आणि म्हणाल्या, “डोहावर जाऊन या. तिथं तीनदा पाण्यात बुडवायचं, ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणायचं आणि पाटावर तिथली वाळू घेऊन यायचं.”

धाकू गेला. बुडवायचं ते बुडवलं, म्हणायचं ते म्हटलं. घरी येऊन मखरात ठेवायचं ते ठेवलं. मामी दिवा लावायला गेल्या तर मखरात गणपती. रंग गेलेला, सोंड विरघळलेली, अंगावरून पाणी ठिबकतंय आणि शेजारी मूठभर वाळू.

“अगं बाई! हे परत कसे आले?”

“मी आणले,” धाकू म्हणाला. “जिथून उचललं तिथं ठेवलं.”

मामींनी तोंडावर पदर घेतला. “अरे मेल्या! पूजा केलेलं परत घरात आणतात? पाप लागेल सगळ्या घराला! पूजा झाली, आरती झाली, प्रसाद झाला, की पाण्यात सोडून मोकळं व्हायचं. मागं वळून बघायचं नाही. आता तरी डोक्यात ठेव!”

“ठेवलं मामी,” धाकू म्हणाला, आणि बुडालेला गणपती पुन्हा बुडवून आला.

दसऱ्याला चार दिवस उरले असताना शेवटची तारीख मिळाली. साहेबांनी धाकूला लांबून बघितलं आणि दोन पावलं मागं सरकले. मग लांबूनच हातानं खुणावलं, चालव. धाकूनं टेम्पो आठाच्या आकड्यात फिरवला, मागं घेतला, चढावर थांबवला, पुन्हा सोडला. साहेबांनी एकही प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर यानं उत्तर दिलं असतं ना! मुकाट्यानं सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, “घे बाबा. पुन्हा येऊ नकोस.”

पक्कं लायसन! मामांनी ते पुस्तक हातात घेऊन चाचपलं, नाकाशी धरून वास घेतला. मग बाहेर ओट्यावर गेले आणि जाणाऱ्या येणाऱ्याला हाक मारून सांगू लागले, “हे आमचे जावई. ड्रायव्हर आहेत.” धाकू दाराआडून ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले. खरं सांगतो, त्या एका संध्याकाळी मलाही तो बरा वाटला होता. माणसानं असं लगेच मत बदलू नये.

दसरा उजाडला. टेम्पो धुतला. पुढे झेंडूचं तोरण आणि आरशांना हार घातले. टपावर आपट्याची पानं ठेवली. ‘भवानी प्रसन्न’वर हळदकुंकू लागलं. मामींनी ओवाळलं, नारळ फुटला, सगळ्यांना खोबरं मिळालं. चाकाखाली लिंबं ठेवली. दहाला जगदाळे चेअरमन यायचे होते. मामा नवा फेटा बांधून त्यांना आणायला काठी टेकत स्टँडवर गेले. जाताना म्हणाले, “जावईबापू, आता सगळं तुमच्या हातात आहे बरं का.” मामी आणि द्वारका पुरणाच्या गडबडीत होत्या.

धाकू टेम्पोपुढे एकटा उभा राहिला. हार घातलेला टेम्पो लई साजरा दिसत होता.

पूजा झाली होती. आरती झाली होती. प्रसाद तर त्याच्या तोंडातच होता.

आणि टेम्पो अजून दारातच! सगळ्या घराला पाप लागणार. तेही आजच्या दिवशी, चेअरमन यायच्या आत. सगळं आपल्या हातात आहे असं मामा सांगून गेलेत. धाकू उडी मारून आत बसला. लिंबं चिरडली.

अर्ध्या तासानं मामा चेअरमनना घेऊन आले. ओट्यावर पाट मांडले. मामांची मान ताठ होती. “हे आमचे जावई,” ते म्हणाले, “दाखवा जावईबापू, चेअरमनसाहेबांना लायसन दाखवा.”

धाकू पुढे आला. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता. पण प्लास्टिकच्या पिशवीत लायसन कोरडं ठणठणीत. चेअरमननी ते उघडलं, शिक्का बघितला, मान हलवली.

“झकास. आणि गाडी कुठाय?”

धाकूनं पिशवीतून आरसी बुक काढून चेअरमनच्या हातात दिलं. तेही कोरडं. कागद जपायला तो विसरला नव्हता.

“हे नव्हे हो. गाडी! दारात उभी असायची ती!” चेअरमन म्हणाले.

मामा दाराकडे वळले. त्यांना नीट दिसत नव्हतं. जिथं रोज निळं काहीतरी दिसायचं तिथं आज पांढरं ऊन दिसत होतं. घरातून द्वारका बाहेर आली आणि चौकटीला धरून खाली बसली.

“धाकू,” मामा हळू म्हणाले, “टेम्पो कुठाय रे?”

धाकूनं मूठ उघडली आणि डोहातली ओली वाळू पाटावर ठेवली.

“सोडला मामा. मामींनी शिकवल्यापरमाणं. तीनदा बुडवायचा होता, पण हा पहिल्यालाच गेला.” मग म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्याला दया आली. तो जवळ बसला आणि मामांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “एवढं काय मनाला लावून घेताय? पुढच्या वर्षी लवकर या, असं बजावून आलोय.”