पन्नास रुपयांचा आवाज

"पन्नास रुपयांत पाच हजारांचा आवाज काढून दाखव! नाहीतर आठ दिवसांनी तबेल्यात कामाला जा!"

निंबगडच्या महाराजांनी सुभानजीला हुकूम सोडला. महाराज मेजाशी कागद वाचत बसले की मेजावरच्या ग्रामोफोनला किल्ली द्यायची आणि तबकडी लावायची, एवढेच त्याचे काम. पण आदल्या दिवशी मुंबईचा एक व्यापारी पाच हजारांचे भलेमोठे यंत्र वाजवून गेला होता. किंमत ऐकून अख्खा दरबार गप्प बसला होता. तेव्हापासून महाराजांना आपला ग्रामोफोन फुटक्या पत्र्यासारखा वाटू लागला. आवाज तर हवा, पण पैसे सुटत नाहीत! हत्तीची जरीची झूल विटली की ती उलटी करून घालणारे महाराज ते!

सुभानजी घरी येऊन रडायलाच बसला. घोड्याची एक लाथ त्याने आधीच खाल्ली होती, दुसरी नको होती.

"आबा, डोळं पुसा," त्याची लेक आवडी म्हणाली. "मी बघते."

दुसऱ्या दिवशी ती एक रिकामे मडके घेऊन महाराजांपुढे उभी राहिली.

"सरकार, मला एक हुकूम हवा. गाणं चालू असताना जो कुनी आवाज करील, त्यानं दर खेपंला या मडक्यात एक रुपया टाकायचा. मग त्यो कुनी का असंना!"

महाराज मनात हसले. दिवाणजींची बडबड एकदाची बंद होणार!

"मंजूर!"

आवडी पन्नास रुपये घेऊन कामाला लागली. आधी तिने नव्या सुयांची डबी आणली. सुई दर तबकडीला बदलायची असते, निंबगडात ती दसऱ्याला बदलत! मग तिने मेजावरची दौत, पानाचा डबा आणि पितळी घंटा उचलली. तबल्याच्या प्रत्येक थापेला या तिन्ही वस्तूही वाजत होत्या. यंत्राखाली जाड गोधडी घातली, समोरच्या उघड्या भिंतीवर सतरंजी टांगली. कर्ण्याचे तोंड होते खिडकीकडे, म्हणजे आजवर खरे गाणे बागेतल्या माळ्यानेच ऐकले होते! ते तिने महाराजांच्या कानाकडे वळवले आणि बापाला खूण केली.

तबकडीतल्या गाणाऱ्या बाईंनी पहिला सूर लावला.

"वाहवा!" महाराज गरजले.

आवडीने मडके पुढे सरकवले.

"अगं, ही दाद आहे! हा काय आवाज झाला?"

आवडीने दोन बोटे दाखवली.

"मी राजा आहे!"

तीन बोटे.

"दिवाणजी, हिला सांगा काहीतरी!"

दिवाणजींनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला आणि मडक्याकडे बोट दाखवले. महाराजांनी रुसून चार रुपये टाकले.

मग रोज मडके खणखणू लागले. महाराजांचा अडकित्ता वाजला, रुपया! खुर्ची कुरकुरली, रुपया! शेवटी महाराजांनीच खुर्चीला तेल घालून घेतले, पंख्याच्या दोरीलाही घातले, आणि ओठ घट्ट मिटून बसायला शिकले. फार जड गेले बिचाऱ्यांना.

आठव्या दिवशी तबकडी लागली आणि महाराजांचे डोळे आपोआप मिटले. सारंगी किती जवळ होती! तान घेण्याआधी बाईंनी श्वास घेतला, तोही ऐकू आला. महाराजांना भरून आले. तबकडी संपताच ते उठून उभे राहिले.

"पोरी, खरं सांग! त्या व्यापाऱ्याचं यंत्र आत दडवलंस ना? माझ्या डबड्यातून बाईंचा श्वास कधी ऐकू आला नव्हता!"

"यंत्र तेच हाय, सरकार. बाई पयल्यापास्नं श्वास घेतच हुत्या. आपनच घेऊ देत नव्हता!"

"आणि हे सगळं पन्नास रुपयांत?"

"बारा रुपयांत, जी. हे बाकीचे परत."

"मग हे भरलेलं मडकं कसलं?"

"त्या व्यापाऱ्याच्या यंत्रातली सगळ्यात म्हागाची वस्तू त्यातनं आली. पाच हजार ऐकून सगळे गपगार झाले, म्हनून त्यो आवाज ग्वाड लागला. ती शांतता सरकारांनी सोताच्या खिशातनं घेतली!"

महाराज खो खो हसत सुटले. पण तेवढ्यात सुभानजीने सवयीने तबकडीची दुसरी बाजू लावली होती! आवडीने मडके पुढे केले. हसू काही आवरेना, तेव्हा महाराजांनी अख्खी थैलीच त्यात रिकामी केली. मग तोंडावर हात दाबून कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि दिवाणजींपुढे सरकवल्या.

दिवाणजींनी आधी मुकाट्याने मडक्यात रुपया टाकला, मग मोठ्याने वाचले, "मडके पैशांसकट आवडीचे. सुभानजी जन्मभर ग्रामोफोनपाशी."

"महाराजांचा विजय असो!" सुभानजी आनंदाने ओरडला.

आवडीने मडके बापापुढे धरले.