एकवीस पांढरे खडे

"एकवीसच्या एकवीस खडे पांढरे पडले, तरच तुमचं लग्न!" राजा अरिंजयाने मांडीवर थाप मारून सांगितलं. "एक जरी काळा निघाला, तरी साळूने मामाच्या गाडीत बसायचं. आमचा शब्द म्हणजे शब्द!"

सभेत खसखस पिकली. येसू तांबोळणीला मात्र हसू आलं नाही. बोरगिरीच्या राजसभेला रोज विडे पुरवायचं काम तिच्याकडे होतं, त्यामुळे या एकवीस सभासदांना ती चांगली ओळखून होती. कायद्याचा प्रश्न आला की प्रत्येकाने घागरीत एक खडा टाकायचा. मान्य असेल तर पांढरा, नसेल तर काळा. आणि सगळ्यांचं एकमत? ते आजवर एकाच गोष्टीवर झालं होतं, जेवणाची सुट्टी लवकर व्हावी यावर!

साळू माळीण तिच्या शेजारीच उभी होती. सहा वर्षं दोघी एका छपराखाली राहत होत्या, एका चुलीवरचं खात होत्या, एकमेकींवर जीव टाकत होत्या. पण परवा साळूचा मामा गाडी जुंपून आला. एका विधुराशी त्याने तिचं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. "लग्न झालेलं नाही, म्हणजे पोरगी आमच्याच ताब्यातली," म्हणत तो दारात ठाण मांडून बसला. तेव्हा दोघींनी सभेकडे अर्ज केला होता, आम्हाला एकमेकींशी लग्न करू द्या म्हणून.

प्रधान त्र्यंबकपंत मिशीत हसले. "चला, माझा काळा खडा मी आत्ताच हातात घेऊन ठेवतो!"

साळूने येसूचा हात धरला. येसूने तिची बोटं घट्ट दाबली आणि ती दोन पावलं पुढे झाली.

"महाराज, अट मान्य! फक्त एक विचारते. लग्नाला एकवीस पांढरे खडे लागणार, हा नियम आम्हा दोघींपुरताच, की राज्यातल्या सगळ्या लग्नांना?"

राजाला आपल्या न्यायाचा फार अभिमान. "अरिंजयाच्या राज्यात एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा नियम नसतो! सगळ्यांना तोच!"

"झालेल्या लग्नांनाही?"

"झालेल्या, होणाऱ्या, सगळ्या!"

"मग आमची पाळी आधी कशी लागेल, महाराज? या सभेत विडासुद्धा मी आधी आपल्याला देते, मग प्रधानजींना, मग सेनापतींना. मानाप्रमाणेच जाऊ या. आधी महाराजांचं लग्न!"

राजाने डोळे वटारले. पण दिलेला शब्द गिळायचा कसा? आणि त्याला काळजी तरी कसली! "फिरवा घागर!" तो म्हणाला. "एकवीस पांढरे निघतील!"

घागर फिरली. कारकुनाने ती गालिच्यावर उपडी केली. वीस पांढरे, आणि एक काळा!

"कोण तो?" राजा गरजला. "कोणाची ही हिंमत?"

"माझी," सभासदांच्या पहिल्या आसनावरून आवाज आला. तिथे राणी सुभगा बसली होती!

"तुम्ही?"

"बावीस वर्षं झाली. लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांना विचारलं, भटजींना विचारलं, वरातीचा हत्ती कधी मोकळा आहे ते माहुतालासुद्धा विचारलं! मला आज पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. म्हटलं, उत्तर द्यावं!"

राजाचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे आमचं लग्न..."

"मोडलं असं मी कशी म्हणू, महाराज?" येसू अगदी अदबीने म्हणाली. "पण नियम आपलाच आहे. आता प्रधानजींची पाळी!"

त्र्यंबकपंतांना दरदरून घाम फुटला. बाकीच्या वीस जणांत, ज्याचं काम आपण कधीच अडवलं नाही असा एकही त्यांना दिसेना. समोर सेनापती हैबतराव तर काळा खडा उडवून झेलत बसले होते. घरी जाऊन बायकोला सांगायचं काय? सभेने आपलं लग्न नामंजूर केलं?

"महाराज, नियम बदला!" पंत ओरडले.

"आम्ही शब्द दिलाय. सभेने एकमताने नवा कायदा केला, तरच तो बदलेल."

"मग करू या की! लिही रे कारकुना! ज्या दोघांची राजीखुशी, त्यांचं लग्न. त्यात कोणी खडा टाकायचा नाही!"

"दोघांची म्हणजे कोणाही दोघांची ना, प्रधानजी?" येसूने विचारलं. "दोन बायका, दोन पुरुषसुद्धा? नाही, तसं नसेल तर राहू द्या. घागर तयारच आहे."

"कोणाही दोघांची! दोन बायका, दोन पुरुष, सगळं लिही! लवकर लिही!"

घागर पुन्हा फिरली. पंतांच्या मागून आपलीच पाळी, हे हैबतरावांच्या ध्यानात आलं. त्यांनी काळा खडा खाली टाकला आणि झटकन पांढरा उचलला. घागर उपडी झाली. एक, दोन, पाच, पंधरा... एकवीसच्या एकवीस पांढरे!

साळू रडता रडता हसू लागली. तिला न्यायला आलेला मामा सभेच्या दारातूनच मागे फिरला.

राजाने घसा खाकरला. "राणीसाहेब, नव्या कायद्याप्रमाणे विचारतो. तुमची राजीखुशी?"

"आहे! विचारलंत ना आता!"

राजाने हुश्श केलं आणि तो येसूकडे वळला. "तांबोळणी, तुमचं लग्न आमच्या वाड्यात होईल, सगळा थाट आमच्याकडून. साळूला मोगऱ्याचा मळा, आणि तुला हा आमच्या गळ्यातला कंठा! पण एक खरं सांग. राणीसाहेबांनी पांढरा खडा टाकला असता, तर तू काय केलं असतंस?"

"काही नाही, महाराज," येसू कंठा गळ्यात घालत म्हणाली. "प्रधानजींची पाळी होतीच की!"

राजा असा खदाखदा हसला, की डोक्यावरचा मुकुट घरंगळत थेट त्र्यंबकपंतांच्या पायाशी गेला!