पोचा पडलेली घंटी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, लहानांनो आणि मोठ्यांनो. इतक्या पूर्वीची, की तेव्हा मेंढे बोलत आणि माणसं कधीमधी ऐकतही.

डोंगरावरच्या एका वाडीत सिदू नावाचा मेंढपाळ राहत होता. बायको ठकू, चाळीस मेंढरं आणि एक म्हातारा एडका, एवढा त्याचा संसार. एडका म्हणजे कळपाचा पुढारी. त्याच्या गळ्यात पितळेची घंटी वाजे आणि सगळी मेंढरं त्या आवाजामागं चालत.

त्या वाडीची एक रीत होती. नवी घंटी घरात आली, की घरधनी ती दगडावर धरून तिच्यावर एक ठोका घाली. घंटीला पोचा पडे आणि घरोघरच्या घंटीचा आवाज निराळा होई. तळ्यावर दहा कळप एकत्र पाणी प्यायले, तरी नंतर आपापल्या घंटीमागं निमूट वेगळे होत. सिदूची घंटी आजोबांच्या हातची, काळीकुट्ट. ती 'ठक्क' वाजे.

एकदा वाडीत एक व्यापारी आला. त्याच्या पेटीत घंट्या होत्या, आरशासारख्या लखलखीत. जुनी घंटी आणि वर गाठोडंभर लोकर दिली, की त्यातली एक मिळे. "फक्त ठोकू नका हं," तो प्रत्येकाला सांगे, "रूप जाईल तिचं."

नव्याची नवलाई कुणाला नसते? आठ दिवसांत वाडीभर किणकिण सुरू झाली. राहिला एकटा सिदू.

त्याचं काही ठरेना. "आपली घंटी काय वाईट आहे?" असं तो सकाळी म्हणे. दुपारी शेजाऱ्याचा एडका किणकिणत जाई, तेव्हा तीच घंटी त्याच्या कानाला खुपे. मग त्याला लाज वाटे. पण लाज कसली? आजोबांची घंटी टाकावीशी वाटते याची, की ती अजून वापरतो याची? ते काही त्याला उमगेना आणि भाकरी गोड लागेना.

"तुला काय वाटतं गं?" त्यानं ठकूला विचारलं.

"मला काय इचारता?" ठकू म्हणाली. "माझ्या गळ्यात बांधनार हाय व्हय? ज्याच्या गळ्यात बांधायची त्याला इचारा की!"

सिदू एडक्याजवळ गेला. एडक्यानं रवंथ थांबवला. "मला दोन्ही सारख्याच जड, धनी," तो म्हणाला. "जुनी ठेवा नाहीतर नवी घ्या. पण मेंढरं डोळ्यांनी चालत नाहीत, कानांनी चालतात. घेतलीत तर पोचा तेवढा पाडा."

सिदूनं नवी घेतली. ठोकायला दगडही उचलला. तेवढ्यात घंटीत त्याला स्वतःचं तोंड दिसलं आणि त्यानं दगड खाली ठेवला. उद्या पाडू, असं म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही. तळ्यावर कळप आता मिसळत, पण उजेडात मेंढरं ओळखून हातानं वेगळी करता येत.

हिवाळा लागला. दरवर्षीप्रमाणे वाडीतले सगळे कळप एकाच सकाळी खिंडीतून खालच्या कुरणांकडे निघाले. खिंडीच्या एका बाजूला खोल कडा होता. निम्म्या वाटेवर धुकं उतरलं आणि हातभर अंतरावरचं दिसेनासं झालं. दहा घंट्या वाजत होत्या आणि दहाही एकसारख्या! मेंढरं इकडं धावली, तिकडं वळली, एकमेकांवर आदळली. आपला एडका कुठं आहे हे सिदूलाही कळेना. "हिकडं या रं, हिकडं!" तो ओरडत होता, आणि बाकीचे नऊ जणही तेच ओरडत होते.

धुकं विरलं तेव्हा सिदूची नऊ मेंढरं कड्याखाली पडलेली दिसली. त्यांतल्या दोन मेंढ्या गाभण होत्या. सिदू तिथंच बसून लहान मुलासारखा रडला.

पायथ्याच्या गावात व्यापाऱ्याची भट्टी होती. उरलेला कळप घेऊन सिदू तिथं गेला. "माझी जुनी घंटी परत द्या," तो म्हणाला. "हवी तेवढी लोकर घ्या."

"कुठून देऊ?" व्यापारी हसला. "ती कधीच वितळली. अरे, या नव्या घंट्या कशाच्या केल्या वाटतं तुला? तुमच्याच जुन्यांच्या! तुझी पुढच्या वाडीला गेली आणि तुझ्या एडक्याच्या गळ्यात आहे ती मागच्या वाडीची. मी फक्त ओतून, घासून दिल्या." मग त्यानं पेटी उघडली. "ते जाऊ दे. ही बघ, आजच ओतली. दुहेरी नादाची!"

आणि खरं सांगायचं तर सिदूचा हात पुढं गेला. मग मागं आला. पुन्हा थोडा पुढं गेला. नऊ मेंढरं गेली होती, तरी त्याचे डोळे पेटीवरून हलेनात. असं का होतं, ते त्याला कळेना. मलाही ते अजून नीटसं कळलेलं नाही.

एडक्यानं पेटीकडे पाठ केली आणि सिदूपुढं मान झुकवली.

सिदूनं त्याच्या गळ्यातली घंटी सोडली, ऐरणीवर धरली आणि डोळे मिटून हातोड्याचा एक ठोका घातला. रूप गेलं. घंटी आता आजोबांच्या घंटीसारखी वाजत नव्हती, पण दुसऱ्या कुणाच्या घंटीसारखीही वाजत नव्हती. दाराबाहेर एकतीस मेंढरांनी कान टवकारले. तो आवाज ओळखायला त्यांना अख्खा हिवाळा लागला.

तात्पर्य: आपल्याला काय हवं आणि कशासाठी, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्याचंच पितळ घासून नवं म्हणून विकता येतं.