कुत्र्यांना न्हाऊ घालणारी यमाक्का

माळावर सडक आली नव्हती, मोटार कुणी पाहिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. हिंगणमाळ नावाच्या धनगरवाडीत यमाक्का राहायची. मेंढरांची लोकर धुवायची, विंचरायची आणि तिची घोंगडी विणायची. तिच्या फणीखालून गेलेली लोकर नुसत्या फुंकरीनं आभाळात चढायची, असं म्हणतात. पण या यमाक्काला कुत्र्यांचं भारी भय. लहानपणी एकानं हाताचा लचका तोडला होता. तेव्हापासून कुत्रं दिसलं की ती वाट बदलायची.

एका उन्हाळ्यात वाडीतल्या कुत्र्यांना लूत लागली. केस झडले, उरल्यासुरल्या केसांच्या जटा झाल्या आणि जटांत गोचिडांनी घरं केली. कुत्री दिवसभर भिंतींना अंग घाशीत, केकाटत. मग पोरांच्या अंगालाही खाज सुटली. तेव्हा वाडीचे कारभारी बिराआबा यांनी चावडीवर ठरवलं, की येत्या बाजाराच्या दिवशी काठ्या घेऊन सगळी कुत्री मारून टाकायची.

त्याच संध्याकाळी आबांचा कुत्रा गवळ्या यमाक्काच्या दारात येऊन पडला. अंग खाजवायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. यमाक्का बराच वेळ दाराआड उभी राहिली. पण त्या जटा तिला बघवेनात. शेवटी फणी घेऊन ती बाहेर आली आणि भीती दडपायला ओव्या गुणगुणू लागली. गवळ्याला वाटलं, ही आपल्यासाठीच गातेय. त्यानं डोळे मिटले आणि तिच्या मांडीवर मान टाकली.

सकाळी यमाक्का चावडीवर गेली. म्हणाली, "आबा, पाऊस लागेपर्यंत थांबा. कुत्री माझ्याकडं ओढ्यावर धाडा."

"अगं, तुला तर कुत्र्यांचं भ्या वाटतं."

"वाटतं की. म्हणून तर गाते."

आबा हसले, आणि हसलेल्या माणसाला नाही म्हणता आलं नाही.

मग यमाक्कानं ओढ्यावर चूल मांडली. कडुनिंबाच्या पाल्याचं कोमट पाणी, रिठ्याचा फेस, वरून करंजाचं तेल. तिनं जटा कातरल्या, गोचीड वेचले, आणि नवे केस फुटले तसे ते रोज विंचरले. विंचरलेले केस वाऱ्यावर असे उडाले, की त्या साली पंचक्रोशीतल्या पाखरांनी घरट्यात काडीऐवजी मऊ केसच अंथरले, असं म्हणतात.

आणि मग एका संध्याकाळी लांडगे आले. मेंढरं एकमेकांना बिलगली. तेवढ्यात सगळी कुत्री टेकाडावर रांगेनं उभी राहिली. मावळतीचं ऊन त्यांच्या केसांवर पडलं, आणि ते केस असे झळाळले की लांडग्यांना वाटलं, डोंगर पेटला. शेपट्या पायांत घालून ते जे पळाले, ते पुन्हा त्या शिवारात दिसले नाहीत. आबांनी हातातली काठी ओढ्यात सोडून दिली. यमाक्का मात्र सगळ्या कुत्र्यांच्या मधोमध चालत घरी आली.

आज हिंगणमाळला सडक आहे. पण दर चैत्रात एक दिवस वाडीतली माणसं आपल्या आधी कुत्र्यांना न्हाऊ घालतात. शहरात गेलेल्या लेकी आपली झुपकेदार कुत्री मोटारीत घालून आणतात आणि ओढ्यावर रांगेत बसतात. त्या दिवशी वाडीत कुणाला 'कुत्र्या' म्हणून शिवी द्यायची नाही. चुकून कुणी दिलीच, तर जिला दिली ती व्यक्ती खुशाल मान ताठ करते, आणि शिवी देणाऱ्याला यमाक्काच्या नावानं वाडीतलं सगळ्यात मळकं कुत्रं धुवावं लागतं.