आंबट टाकं

कातळात खोदलेलं हे टाकं बघून घ्या. घाट चढून येणारा प्रत्येक जण इथं थोडं आमसुलाचं पाणी ओततो, म्हणून कड अशी तांबूस झाली आहे. माझ्या आज्यानं याचं कारण सांगितलं, तसंच मी तुम्हाला सांगतो.

फार पूर्वी खालच्या बंदरात पश्चिम समुद्रापलीकडच्या यवनांची गलबतं लागत. माल बैलांवर लादून याच वाटेनं वर जाई आणि राखणीला त्यांचे शिपाई चालत. त्यांतल्या एकाचं नाव लुकियस होतं म्हणे. आमच्या लोकांनी त्याचा लुक्या केला. त्याच्या कमरेला लोखंडाचा चपटा चंबू असे.

टाक्यावर तेव्हा सोमी नावाची बाई वाटसरूंना पाणी पाजायला बसे. नवरा वारलेला, इसी नावाची एक लहान लेक तेवढी होती. एका वैशाखात टाक्याचं पाणी तळाला जाऊन हिरवं पडलं. तांडा तेच प्यायला आणि ओकाऱ्या-जुलाबांनी आडवा झाला. इसीही पडली. लुक्या तेवढा धडधाकट होता, कारण तो चंबूतलंच पीत होता.

इसीचे डोळे खोल गेलेले बघून लुक्यानं चंबू सोमीपुढं धरला. त्याच्याजवळ आता तेवढेच शेवटचे घोट उरले होते. सोमीला आंबूस वास आला. तिला वाटलं, दारू आहे, नाहीतर विष.

"माझ्या लेकीला हे द्यायचं नाही," ती म्हणाली.

त्याला भाषा कळेना. त्यानं स्वतः एक घोट घेऊन दाखवला आणि चंबू परत पुढं केला. सोमीनं तो हातानं उडवला. पाणी तापल्या कातळावर सांडलं आणि बघता बघता सुकलं.

दिवस कलायच्या आत इसी गेली.

मग लुक्यालाही टाक्याचंच पाणी प्यावं लागलं. तो पडला, तेव्हा सोमीनंच त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो गेल्यावर तिनं चंबू तोंडाला लावून तळाचे थेंब चाखले. दारू नव्हती. विष नव्हतं. आंबट शिरका घातलेलं साधं पाणी होतं. त्याच्या देशचे शिपाई मोहिमेवर तेच बाळगत. त्यानं इसी वाचली असती का, हे कुणालाच माहीत नाही. सोमीला मात्र ते माहीत असल्यासारखं झालं.

असं सांगतात, की त्यानंतर ती कुणाला पाणी पाजेना. येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं ओंजळ धरून तेच आंबट पाणी मागत बसे. एका उन्हाळ्यात ती दिसेनाशी झाली. प्रेत सापडलं नाही.

आजही भर दुपारी इथं एकटं थांबलं, तर कानाशी बाईचा हलका आवाज येतो, "दे, पाजते तिला." मागं वळून बघायचं नाही. जवळ असेल ते आंबट पाणी ओतायचं आणि वाट धरायची. मी स्वतः दोनदा ओतलं आहे. दोन्ही वेळा कातळ लगेच कोरडा झाला.