रूपजीचं पान

डोंगरपाड्यात जन्मलेले एकपंथाचे महाराज सत्यदास यांनी अर्ध्या पाड्याला वाघदेव सोडायला लावला होता. त्या पंथात कैक वर्षं काढून म्हातारी चैती यंदा वाघदेवाकडे परतली. तिथल्या रोजच्या धाकाचा तिला वीट आला होता.

महाराज जाब विचारायला आले, तेव्हा तिच्या भावाच्या अंगणात नव्या भाताची पंगत मांडली जात होती. त्यांना बघून कोणी मान वर करेना.

"चैते, वाघदेवाला सोडून आमच्यात आलीस, तेव्हा त्याने तुझं काय वाकडं केलं?"

"काही नाही, महाराज."

"एवढीच त्याची ताकद. आमचा देव मात्र सोडून जाणाऱ्याचं घर जाळतो. आता सांग, मोठा कोण?"

चैती सागाचं पान पुसत राहिली.

"मोठा कोण ते मला कळत नाही. पण घर सोडून गेलेल्या लेकीचं घर जाळायला निघतो, त्याला आम्ही बाप म्हणत नाही. आमच्याकडे सोडून गेलेल्याचंही पान मांडतात. मी तुमची भजनं म्हणत होते, तेव्हाही माझा भाऊ दरवर्षी इथे माझं पान मांडत होता."

हातातलं पान तिने वाघदेवाच्या पानाशेजारी ठेवलं आणि त्यावर भात वाढला.

"मग हे कोणाचं?" महाराजांनी विचारलं.

"रूपजीचं."

महाराजांचं पंथात जाण्याआधीचं हे नाव कैक वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं.

"तू गेलास तेव्हापासून भाऊ तुझंही मांडतोय," चैती म्हणाली. "भात गरम आहे. बसायचं की घर जाळायचं, तुझं तू ठरव."