राजाच्या हंड्यातले हिरवे पाणी

ही गोष्ट खूप जुनी आहे. इतकी जुनी, की ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ती कुणाकडून तरी ऐकूनच ठाऊक होती. लहानांनी ती कान देऊन ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकत नसल्यासारखे दाखवून ऐकावी.

एका राज्यात एक राजा होता. मनाने फार चांगला, पण हाताला म्हणून स्वस्थता नव्हती. बागेत कळी दिसली की ती कधी उमलते याची वाट न पाहता तो दोन बोटांनी ती उघडून बघे. चुलीवर भात रटरटत असला की झाकण काढून बघे, आणि मग भात कच्चा का राहिला म्हणून आचाऱ्याला विचारी. प्रजा मात्र सुखात होती. राजवाड्यातल्या उचापतींतून राजाला वेळच मिळत नसल्यामुळे तो प्रजेचे भले करायला सहसा बाहेर पडत नसे.

त्याला एकुलती एक लेक होती, केतकी. लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा डोलीत बसण्यापूर्वी ती बापाला आपल्या दालनात घेऊन गेली. तिथे एका कोपऱ्यात काचेचा मोठा हंडा होता. तळाशी वाळू, वाळूत रुजलेल्या पाणवेली, आणि त्यांच्यामधून फिरणारे इवले सोनेरी मासे. पाणी इतके नितळ, की ते आहे हे मासा हलला म्हणजेच कळावे.

"बाबा, एवढे सांभाळा," केतकी म्हणाली. "दिवाळीला येईन तेव्हा हे मला असेच दिसू देत."

ती आणखी काही सांगणार होती. पण बाहेर वाजंत्री सुरू झाली, आणि माशांना काय घालावे, किती घालावे, हे सगळे सांगायचे राहूनच गेले.

लेक गेली आणि राजाने त्याच दिवशी हंड्याकडे लक्ष घातले. पहिल्यांदा त्याच्या मनात आले, माझ्या लेकीचे मासे अंधाऱ्या कोपऱ्यात का? त्याने हंडा उचलवून सज्जात ठेवला. तिथे उगवतीपासून मावळतीपर्यंत लख्ख ऊन असे. मग त्याने रव्याचा डबा मागवला आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने मूठभर रवा पाण्यात सोडू लागला. मासे दोन-चार कण खात, उरलेला रवा तळाशी जाई. राजाला वाटे, लाजताहेत. नंतर खातील.

थोड्याच दिवसांत पाण्याला मूग धुतल्यासारखा रंग आला. मग ते कैरीच्या पन्ह्यासारखे दिसू लागले. मग अळूच्या फदफद्यासारखे. शेवटी अशी वेळ आली, की राजाने काचेला नाक लावावे, पलीकडून माशाने काचेला नाक लावावे, तेव्हा कुठे एकमेकांची भेट व्हावी.

राजाने प्रधानाला बोलावले. प्रधान म्हणजे कामाचा वाघ. त्याने सगळे पाणी ओतून दिले, हंडा चिंचेने आणि राखेने घासला, वाळू उन्हात वाळवली. राजाच्या हंड्यात गवत शोभत नाही असे म्हणून पाणवेली उपटून उकिरड्यावर टाकल्या आणि विहिरीचे ताजे पाणी काठोकाठ भरले. हंडा हिऱ्यासारखा चमकला. राजाने खूश होऊन दरबारात पेढे वाटले. पण पेढ्याची चव जिभेवरून जाते न जाते तोच पाणी पुन्हा हिरवे झाले, आणि पहिल्याहून गडद झाले. प्रधानाने पुन्हा हंडा घासला. पाणी पुन्हा हिरवे झाले. जितक्या वेळा त्याने घासला तितक्या वेळा हिरवेपणा जणू अधिक घाईने परत आला.

मग राजवैद्य आले. त्यांनी पाण्यात तुरटी फिरवली. हिरवा गाळ खाली बसला खरा, पण मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागले, आणि एक मासा आडवा झाला तो उठलाच नाही. राजाने त्याला स्वतः चाफ्याच्या झाडाखाली पुरले. त्या दिवशी तो जेवला नाही.

राजपुरोहितांनी समजूत घातली, की हिरवा हा बुधाचा रंग आहे, यामुळे राजवाड्यात बुद्धी वाढेल. राजाने काही दिवस वाट पाहिली. कुणाचीही वाढलेली दिसली नाही.

सेनापतीचे मत निराळे होते. त्याच्या मते हे शत्रूचे काम होते. त्याने सज्जाच्या बाहेर भालेकरी उभे केले. शत्रू आला नाही. हिरवे मात्र येत राहिले.

अशात केतकीच्या सासरहून सांडणीस्वार आला. राजकन्या दिवाळीला येणार आहेत, असा निरोप होता. एरवी राजाने त्याला गळ्यातला कंठा दिला असता. आज त्याला आधी हंडाच आठवला. लेक येणार, धावत हंड्यापाशी जाणार, आणि तिला काय दिसणार? अळूचे फदफदे.

बराच वेळ तो हंड्यापुढे बसून राहिला. मग त्याने उरलेले मासे एका मडक्यात घेतले, कुणाला बरोबर न घेता रानाची वाट धरली. आपल्या हाताला यश नाही, निदान जीव तरी वाचू देत, असे त्याने ठरवले होते. लेकीला काय सांगायचे ते मात्र ठरत नव्हते.

रानात उंबराच्या दाट सावलीत एक डोह होता. राजाने वाकून पाहिले आणि तो थक्क झाला. तळाचा खडान् खडा दिसत होता. पाणवेली डुलत होत्या, त्यांतून बोटभर मासोळ्या फिरत होत्या. काठावरच्या खडकावर एक म्हातारे कासव बसले होते.

"मासे न्यायला आलास की सोडायला?" कासवाने विचारले.

राजाने मडके खाली ठेवले आणि सगळी हकीकत सांगितली. प्रधान, वैद्य, पुरोहित, सेनापती, काही वगळले नाही. कासवाचे डोळे मिटलेले होते. ते झोपले असावे असे राजाला वाटू लागले, इतक्यात त्याने विचारले, की हंडा ठेवला आहेस कुठे. राजाने सांगितले, भर उन्हात, अगदी राजवाड्यातल्या सर्वांत चांगल्या जागी. कासवाने मान वर करून उंबराच्या फांद्यांकडे पाहिले आणि पाणवेलींचे काय केलेस असे विचारले. त्या उपटल्या, हे सांगताना राजाचा आवाज जरा खाली आला.

"आणि खायला?"

"सकाळी मूठभर रवा. तेवढाच. त्यांना माझ्याशिवाय आहे कोण?"

"राजा, त्या हिरव्याला तू शत्रू समजतोस, पण त्याला जेवू घालणारा तूच आहेस," कासव म्हणाले. "ते डोळ्यांना न दिसणारे बारीक शेवाळ आहे. माशांनी टाकलेले अन्न आणि तुझे ऊन, यांवर ते पोसते. वेली असत्या तर त्यांनी त्याच्या तोंडचा घास काढून घेतला असता. तू नुसते पाणी बदलतोस. म्हणजे ताट बदलतोस, पंगत तशीच बसलेली राहते."

राजा खजील झाला. त्याने विचारले, "आजोबा, इथे तुम्हा सगळ्यांची काळजी कोण घेते?"

"कुणीही नाही. म्हणून तर इतका म्हातारा झालो." कासवाने एक डोळा उघडला. "मासे परत ने. तुझी लेक ते शोधत येईल. जाताना थोड्या वेली घेऊन जा. आणि एक कर. एका मुठीने पाणी इतके हिरवे होत नाही. दिवसभर पडद्याआड बस आणि पाहा."

राजा परतला. मासे हंड्यात सोडले, आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर तो सज्जाच्या पडद्यामागे जाऊन उभा राहिला.

आधी राणी आली. तिने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, पदराखालून वाटी काढली आणि तुपाचा शिरा पाण्यात सोडला. "बिचारे," ती पुटपुटली, "यांना कुणी विचारत नाही." ती गेली आणि प्रधान आला. त्याने खिशातून चुरमुरे काढून टाकले, सुस्कारा सोडला, आणि यांना कुणी विचारत नाही असे म्हणून निघून गेला. दुपारी पुरोहित नैवेद्याचा भात घेऊन आले. त्यांच्या पाठोपाठ खुद्द सेनापती आला. ज्याने शत्रूसाठी भालेकरी उभे केले होते, त्यानेच शेल्यातून भाकरीचा चुरा काढला, आणि त्याच्या भालेकऱ्यांनी तोंड दुसरीकडे केले. नंतर आपल्या वाटचे तेही टाकून आले.

पडद्यामागे राजाचा संताप चढत चालला. एकेकाला बोलावून दरडावावे म्हणून त्याने मूठ आवळली. मुठीत काहीतरी कचकचले. त्याने हात उघडून पाहिला. सकाळपासून त्याने मुठीत रवा धरून ठेवला होता.

राजाला हसू आले. आधी बारीक, मग आवरेना. त्याने आधाराला पडदा धरला, पडदा दांडीसकट खाली आला, आणि आवाज ऐकून राणी, प्रधान, पुरोहित, सेनापती सगळे धावत आले. पाहतात तो राजा पडद्यात गुरफटलेला, आणि हात रव्याने भरलेला. प्रत्येकाने आपापला खिसा, पदर नाहीतर शेला हळूच झाकला.

त्या संध्याकाळी राजाने आजवरचा सर्वांत अवघड हुकूम काढला. हंडा पुन्हा कोपऱ्यातल्या सावलीत ठेवायचा. डोहातल्या वेली वाळूत रुजवायच्या. राणीने दिवसातून एक चिमूट अन्न घालायचे, मासे लगेच संपवतील एवढेच. तळाचा गाळ आणि थोडेसे पाणी अधूनमधून काढायचे, तेवढेच ताजे घालायचे. बाकी कुणी काहीही करायचे नाही.

काहीही न करणे राजवाड्याला माहीत नव्हते. प्रधान येरझाऱ्या घालू लागला. पुरोहितांनी निदान एखादा अभिषेक करू द्या म्हणून विनवले. पाणी अजून हिरवेच होते, दिवाळी जवळ येत होती, आणि एकदा प्रधानाने कळवळून म्हटले, की महाराज, एकदाच सगळे पाणी बदलू. राजाचे मन पाघळले. पण त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि नाही म्हटले. पुढे कित्येक दिवस राजा असा हातांवर बसून राज्य करीत होता.

मग एका सकाळी त्याला हिरव्यामध्ये एक सोनेरी शेपूट दिसले. काही दिवसांनी आख्खा मासा दिसला. वेलींना नवी पाने फुटली. केतकी आली तेव्हा पाणी नितळ होते.

ती हंड्यापाशी बसली. राजाने काही लपवले नाही. एक मासा आपल्या काळजीने मेला, हेही सांगितले. ती चाफ्याखाली जाऊन आली, आणि मग म्हणाली, "बाबा, आणखी एक सांगू? तुमचा घोडेस्वार रोज सासरी येतो, मी जेवले का ते विचारायला. सासूबाई आता मला विचारतात, आधी तुला वाढू की त्याला. मी तिथे रुजते आहे. थोडे दिवस मला हलवू नका."

राजाच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. त्याने लेकीकडे पाहिले, हंड्याकडे पाहिले, आणि होकाराची मान डोलावली.

केतकी परत गेली त्या दिवशी राजाने घोडेस्वाराला रजा दिली. पहिले काही दिवस त्याला फार जड गेले. पण पुढच्या महिन्यात केतकीनेच सासरहून आपणहोऊन खुशाली कळवली, आणि मग दर महिन्याला कळवीत राहिली. पूर्वी तिला ते सुचलेच नव्हते, कारण तिने सांगण्याआधीच कुणीतरी विचारायला दारात उभे असे.

तात्पर्य : ज्याच्यावर माया करावी, त्याला थोडे मोकळे सोडावे, फार ढवळले की निवळलेले पाणीही गढूळ होते.